घाटातला सराफ

सायकलची चेन पडणे ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक लहानशी आपत्तीच मानली गेली आहे. शाळेची घंटा होण्याच्या बेतात असावी, चढाच्या तोंडाशी पायडलवर सारा भार टाकावा, आणि एकाएकी पायाखालचा आधार निसटून पायडल पोकळ फिरू लागावे. मग रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून, पांढऱ्या सदऱ्याला वंगण लागू न देण्याची निष्फळ खबरदारी घेत, ती ओशट चेन पुन्हा दात्यांवर चढवावी आणि काळी झालेली बोटे वाटेतल्या धुळीने घासत वर्गात उशिरा शिरावे, हा विधी ज्याने केला नाही असा माणूस माझ्या पिढीत तरी विरळाच सापडेल.

फ्रेंच लोकांचे चातुर्य असे, की त्यांनी याच आपत्तीला नोकरीस ठेवले. आगगाडी रुळावरून घसरण्याला त्यांच्या भाषेत जे क्रियापद आहे त्यावरून त्यांनी एका यंत्राला ‘देरायर’, म्हणजे घसरवणारा, असे नाव दिले. आपल्या सायकलवाल्यांच्या तोंडी तो डिरेलर झाला. चेन पडायचीच असेल तर ती आपल्या हुकमाने पडावी, आणि जमिनीकडे न जाता शेजारच्या चक्रावर जाऊन बसावी, एवढीच या यंत्राची प्रतिज्ञा. सपाट रस्ता आणि घाट या दोन्ही मुलखांत एकाच सायकलीने फिरू इच्छिणाऱ्याला जे अनेक प्रश्न पडतात, त्यांपैकी बहुतेकांचे उत्तर अखेरीस पुढे किती दाते आणि मागे किती दाते या दोन आकड्यांपाशी येऊन थांबते. आणि त्या आकड्यांची अंमलबजावणी करणारा कारकून म्हणजे हा घसरवणारा.

त्याचे काम पाहायचे तर सायकल स्टँडवर चढवून, मागच्या चाकापाशी उकिडवे बसून पाहावे. चाकाच्या उजव्या अंगाला, आसाभोवती, लहानापासून मोठ्यापर्यंत चढत्या क्रमाने लावलेल्या दहा-अकरा दातेरी चकत्यांची एक आडवी उतरंड असते. तिला कॅसेट म्हणतात. तिच्याखाली स्प्रिंगने ताणलेली एक भुजा लोंबते, त्या भुजेत एकाखाली एक अशा दोन इवल्या चाकुल्या असतात, आणि चेन त्या दोहोंमधून नागमोडी वाट काढते. हँडलवरची तरफ दाबली की एक पोलादी तार ओढली जाते, भुजा जेमतेम चार मिलिमीटर सरकते, वरची चाकुली धावत्या चेनला कडेने रेटते, शेजारच्या चकतीच्या अंगावर मुद्दाम कोरलेल्या खाचेत चेनची एक कडी अडकते, बारीकसा ‘खट्’ असा आवाज होतो, आणि पुढच्या क्षणी सारी चेन नव्या चकतीवर स्थिरावलेली असते. खालची चाकुली तेवढ्यात उरलासुरला ढिलेपणा निमूटपणे ओढून घेते. या कारकुनाची अट एकच: पाय फिरता असावा, पण त्या निमिषापुरता हलका असावा. भर चढावर अंगाचा सगळा भार देऊन जो गिअर बदलू पाहतो, त्याला दात कचकचल्यासारखा जो आवाज ऐकू येतो, तो त्या कारकुनाचा निषेध समजावा.

या यंत्राविषयीचा पहिला आणि सर्वांत दृढ गैरसमज असा, की गिअर माणसाला शक्ती देतो. वस्तुतः गिअर हा सराफ आहे. आपण रुपया घेऊन त्याच्या पेढीवर जावे, आणि बाजारात ज्या नाण्याचे चलन असेल त्या नाण्यांत त्याने मोड करून द्यावी. थैलीत एक दमडीही तो अधिक टाकत नाही, उलट घर्षणाचा म्हणून आपला बट्टा कापून घेतो, जो तेलपाणी नीट राखलेल्या चेनमध्ये शेकडा दोन-चार इतकाच असतो आणि गंजलेल्या, मातीने माखलेल्या चेनमध्ये बराच वाढतो. सपाटीच्या बाजारात मोठी नोट चालते, घाटाच्या बाजारात चिल्लर लागते, आणि ज्याच्या खिशात नोटच तेवढी असते त्याची घाटात जी कुचंबणा होते, तीच एका गिअरच्या सायकलची होते.

हिशेबच मांडायचा तर सिंहगडाचा घाटरस्ता घेऊ. पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत सुमारे नऊ किलोमीटर, आणि तेवढ्यात सहाशे मीटरांच्या वर चढ. म्हणजे सरासरी शेकडा सात. स्वार ७० किलोंचा, सायकल १० किलोंची, आणि स्वाराची ताकद एखादा बऱ्या तब्येतीचा हौशी माणूस तासभर टिकवू शकेल इतकी, म्हणजे १५० वॉट, असे धरले तर चढाचा वेग ताशी नऊ किलोमीटरांच्या आसपास पडतो आणि माथा गाठायला एक तास लागतो. एवढे उत्पन्न ठरलेले. ते कोणत्या नाण्यात वसूल करायचे, इतकाच प्रश्न उरतो. चाकाचा परीघ २.१ मीटर. पुढे ४२ दाते आणि मागे २४ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेचार मीटरांच्या जवळपास सरकते, मिनिटाला ४१ फेरे पडतात, आणि दर फेऱ्यात पायडलवर सरासरी २१ किलोंचा दाब द्यावा लागतो. पुढे ३४ आणि मागेही ३४ असतील तर एका फेऱ्यात २.१ मीटर, मिनिटाला ७१ फेरे, आणि दाब १२ किलो. पाय खाली जाण्याच्या ऐन क्षणी हा दाब सरासरीच्या कितीतरी वर जातो, हे वेगळेच. माथ्यावर पोहोचल्यावर दोघांच्याही खात्यावर काम अगदी तेवढेच जमा होते. फरक एवढाच, की एकाच्या गुडघ्यांनी ते कर्ज सुमारे २,४५० जड हप्त्यांत फेडलेले असते आणि दुसऱ्याच्या गुडघ्यांनी सुमारे ४,३०० हलक्या हप्त्यांत. हलक्या हप्त्यांचा भार थोडा फुफ्फुसांवर आणि हृदयावर जातो, हे खरे. पण धाप पाच मिनिटांत शमते, आणि गुडघा मात्र आठवडाभर तगादा लावतो.

हा हिशेब मला फार उशिरा कळला. माझ्या विद्यार्थिदशेत पुण्यात सायकल म्हणजे ती काळी, २८ इंची चाकांची, रॉडच्या ब्रेकची. पुढे ४४ दाते, मागे १८, आणि एका फेऱ्यात साडेपाच मीटरांच्या आसपास मजल. शहराच्या पेठांतून, नदीवरच्या पुलांवरून, फार तर पर्वतीच्या पायथ्यापर्यंत हे प्रमाण इतके निर्वेध चालत असे, की ज्याने ते ठरवले त्या अज्ञात कारागिराची शहाणीव मान्य करावी लागते. पण तीच सायकल घेऊन आम्ही तिघे मित्र एका रविवारी सिंहगडाला गेलो, तेव्हा पहिल्या वळणाला उभे राहून, दुसऱ्या वळणाला रस्ता आडवातिडवा कापत, आणि त्यानंतर सरळ हाताने सायकल ढकलत आम्ही वर पोहोचलो. आज कागदावर मांडून पाहतो तर कळते, की त्या सायकलवर त्या चढाला पायडलचे मिनिटाला जेमतेम पंचवीस फेरे पडले असते आणि दर फेऱ्याला सरासरी ३५ किलोंचा दाब द्यावा लागला असता. आमच्या अंगात रग कमी होती, असे तेव्हा वाटले. खिशात मोड नव्हती, हे आता कळते.

पुढे नोकरी लागल्यावर मी गिअरची ‘रेसर’ घेतली. पुढे ५२ आणि ४२ अशी दोन चक्रे, मागे १४ पासून २४ पर्यंत पाच. घाटाला हे पुरेल का, असे मी भीत भीत विचारले, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले आणि म्हणाला, “गिअर काय बघताय? पाय तयार करा.” मी पाय तयार करू लागलो. तीन महिन्यांनी उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरू लागला, आणि पुढचे दोन महिने मी कचेरीत बसने गेलो.

दुकानदाराचे ते वाक्य त्याच्या पदरचे नव्हते, हे मला नंतरच्या वाचनात उमगले. त्याची वंशावळ थेट फ्रान्सपर्यंत जाते.

फ्रान्सच्या मध्य-पूर्व भागात सेंत-एतिएन नावाचे एक नगर आहे. रेशमी फिती, बंदुका आणि कोळसा यांवर पोसलेल्या या गावात, सायकलचा कारखानदारीत शिरकाव झाल्यावर, तिचेही माहेर वसले. तेथे रेशमाच्या व्यापारात असलेला पॉल द व्हिव्ही नावाचा, १८५३ साली जन्मलेला एक गृहस्थ सायकलच्या नादी लागला, रेशीम सोडून सायकलीचे दुकान घालून बसला, आणि १८८७ साली त्याने एक मासिक सुरू केले, जे पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्धीस आले. त्यात तो व्हेलोसियो या टोपणनावाने लिही, आणि त्याच नावाने आजही ओळखला जातो. त्याच्या गावाच्या दक्षिणेस ११६१ मीटर उंचीची कोल द ला रेप्युब्लिक ही खिंड आहे. तीच त्याची प्रयोगशाळा. असे सांगतात, की एकदा तो एका गिअरच्या सायकलवर ती खिंड धापा टाकत चढत असता, त्याच्याच मासिकाचा एक वाचक तोंडात चिलीम धरून स्वस्थपणे त्याला मागे टाकून गेला, आणि त्या चिलीमवाल्याचे रहस्य एवढेच होते, की त्याच्या सायकलचे प्रमाण हलके होते. आख्यायिकेत खरे किती असेल ते असो. व्हेलोसियो त्यानंतर जन्मभर मोडीच्या शोधात राहिला. आरंभी त्याने पुढे दोन चक्रे बसवून, उतरून, हाताने चेन एकावरून दुसऱ्यावर घातली. मग निरनिराळ्या कारागिरांच्या युक्त्या तो स्वतःच्या पायांवर पारखू लागला, आणि त्या पारखीचा अहवाल, दात्यांच्या आकड्यांसह, महिन्याच्या महिन्याला छापू लागला. शाकाहारी, पहाटे उठणारा, दिवसरात्र सायकलवर शेकडो किलोमीटर काटणारा हा माणूस १९३० साली आपल्याच गावात, सायकल हाती धरून चालत असताना, ट्रामच्या धक्क्याने गेला. त्या खिंडीत त्याचे स्मारक आहे, आणि दरवर्षी त्याच्या नावाने तेथे चढाई होते.

त्याच्या विरुद्ध पक्षाचे पुढारीपण आन्री देग्राँज यांच्याकडे होते. १८९३ साली एका तासात ३५.३२५ किलोमीटर कापून विक्रम करणारे, ‘लोतो’ या क्रीडापत्राचे संपादक, आणि १९०३ साली टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारे हे गृहस्थ वृत्तीने कडक शिस्तीचे. १९०२ साली डोंगरी मुलखात झालेल्या एका चढाईत मार्त एस नावाची स्त्री तीन गिअरच्या सायकलवर पाय जमिनीला न लावता पार झाली, असे सांगतात. त्यावर देग्राँज यांनी जे लिहिले त्याचा मथितार्थ असा, की बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांना ठीक, तरण्याबांड माणसाने स्नायूंच्या बळावर जिंकावे, यंत्राच्या करामतीवर नव्हे. हे नुसते मत राहिले नाही. त्याचे फर्मान झाले. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला मनाई होती, आणि १९१० साली पिरेनीज पर्वतातली २११५ मीटरांची तुर्माले खिंड प्रथम शर्यतीत आली तेव्हा, त्या वर्षी शर्यत जिंकणाऱ्या ओक्ताव्ह लापीझलाही तिथे काही अंतर सायकल ढकलत चालावे लागले. पुढे शर्यतपटू मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन वेगवेगळी चक्रे लावीत, घाटाच्या तोंडाशी उतरत, थंडीने बधिरलेल्या बोटांनी नट सैल करून सबंध चाक उलटे फिरवून बसवीत, आणि माथ्यावर पुन्हा तेच करीत. देग्राँज यांनी सूत्रे खाली ठेवल्यावर १९३७ साली मनाई उठली, आणि त्याच वर्षी रोजे लापेबी डिरेलरच्या सायकलवर जिंकला. व्हेलोसियोच्या वाचकांनी जे आपल्या गुडघ्यांना कधीच देऊन टाकले होते, ते जगातल्या सर्वांत बळकट पायांना मिळायला पस्तीस वर्षे लागली.

त्यानंतरचा इतिहास कारागिरीचा आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. इटलीत तुल्लिओ काम्पान्योलो यांच्या कारखान्याने १९५०च्या दशकाच्या प्रारंभी समांतरभुज चौकोनाच्या तत्त्वावर चालणारा डिरेलर बाजारात आणला. १९६४ साली जपानच्या सनटूरने तो चौकोन तिरपा केला, त्यामुळे वरची चाकुली प्रत्येक चकतीपासून सारख्या अंतरावर राहू लागली. आणि १९८४ साली शिमानोने तरफेला ठराविक टप्पे पाडले, त्यामुळे अंदाजाने तार ओढण्याचे कसब संपून प्रत्येक ‘खट्’ला एक चकती हा व्यवहार रूढ झाला. यंत्र इतके आज्ञाधारक झाले तरी त्याला आज्ञा काय द्यायची, हा प्रश्न स्वाराकडेच राहिला.

आज रस्त्यावरच्या बऱ्याच सायकलींना पुढे ५० आणि ३४ अशी दोन चक्रे आणि मागे अकरा चकत्या असतात, आणि विकणारा दोहोंचा गुणाकार करून ‘बावीस गिअर’ असे सांगतो. या बाविसांची फोड करून पाहावी. मागची कॅसेट ११ पासून ३४ पर्यंतची असेल तर पुढे ५० व मागे २५, आणि पुढे ३४ व मागे १७, या दोन जोड्या नेमके एकच प्रमाण देतात, दोनास एक. ५०-१९ आणि ३४-१३ यांत केसाएवढाच फरक आहे. आणि ५०-३४ घेतले तर चेन इतकी तिरपी ताणली जाते, की जवळपास तेच प्रमाण ३४-२३ ने घेणे शहाणपणाचे. म्हणजे पुष्कळ नाणी जवळपास एकाच किमतीची, फक्त छाप निराळे. तेव्हा मोजणी करायची ती दोन टोकांची आणि मधल्या अंतरांची.

वरच्या टोकाचे निदान सोपे. ५०-११ वर मिनिटाला ९० फेरे मारले तर वेग ताशी ५१ किलोमीटरांवर जातो. हा वेग आपल्यासारख्यांना केवळ उतारावर लाभतो, आणि उतारावर पाय न मारता बसून राहिले तरी काही बिघडत नाही. सपाटीवर ताशी तीसने जाणारा माणूस दिवसभर ५०-१९ च्या आसपासच वावरतो. म्हणून ज्याला ५२ किंवा ५३ दात्यांचे चक्र आपल्या सायकलला शोभते असे वाटते, त्याने ते भिंतीवर लावावे हे उत्तम.

मधल्या अंतरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ११ ते २८ च्या कॅसेटमध्ये ११, १२, १३, १४, १५ असे एकेका दात्याने चढत जाणारे आरंभीचे टप्पे असतात, त्यामुळे सपाटीवर वारा बदलला तरी पायाची लय न मोडता पैसोपैशी मोड मिळते; ११ ते ३४ मध्ये तेच टप्पे ११, १३, १५, १७ असे दोनदोनांचे होतात, आणि समूहात चाकाला चाक लावून जाताना एक गिअर जड आणि दुसरा हलका अशी चुळबुळ होते. उलट २८ ऐवजी ३४ घेतले तर तळचा गिअर शेकडा साडेसतरा हलका होतो, आणि सिंहगडावर मिनिटाला ५९ फेरे पडत होते तिथे ७१ पडतात. एकाच थैलीत बारीक नाणी आणि मोठा पल्ला दोन्ही मावत नाहीत. कशाचा मोह सोडायचा, हे ज्याच्या त्याच्या वाटेवर अवलंबून.

वाटांचे तरी प्रकार किती! वाईहून पाचगणीला नेणारा पसरणीचा घाट लांब, पण बराचसा समजूतदार. तिथे ३४-२८ वर बसल्या बसल्या कृष्णेचे खोरे न्याहाळता येते. बोरघाटात, मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ म्हणवून घेण्यासाठी झुंजणाऱ्या तरुणांना मोठाली चक्रेच साजतात, कारण त्यांच्या थैलीतले भांडवलच आपल्या दुप्पट असते. पण कॅरिअरवर दहा किलो सामान लादून, दिवसभर नव्वद किलोमीटर आल्यावर, संध्याकाळी एखाद्या गावाच्या शेकडा दहाच्या चढाला भिडणाऱ्या माणसाला ३४-३४ देखील पुरत नाही. रिकाम्या सायकलवरही त्या चढाला १५० वॉटचा वेग ताशी साडेसहा किलोमीटरांच्या पुढे जात नाही. असल्या माणसाने पुढे ३० दात्यांचे चक्र लावून घ्यावे आणि त्याची लाज बाळगू नये. याच्या खाली मात्र फार उतरू नये, कारण वेग पाचाच्या खाली गेला की पुढचे चाक डगमगू लागते, आणि तेवढ्या वेगाने माणूस चालतही जातो.

माझ्या रेसरचा उद्धार अखेर एका मिस्त्रींनी केला. त्यांनी माझी कैफियत पुरती ऐकून घेतली, मग सायकल छताच्या हुकाला टांगली, मागच्या मोठ्या चक्राच्या एका दात्यावर खडूची रेघ ओढली, आणि बोटाने एकेक दाता पुढे ढकलत मनाशी मोजू लागले. चोवीस भरले. “साहेब, शेवटच्या गिअरवर मिनिटाला किती फेरे पडतात, मोजलेत कधी?” मी नाही म्हणालो. “मोजा. तुमच्या रोजच्या घाटावर, थकल्यावर मोजा. साठाच्या खाली आले तर माझ्याकडे या. ताजे असताना मोजाल तर आकडा खोटा येईल.” मी मोजले, बेचाळीस आले. त्यांनी मागे मोठे चक्र बसवले, आणि ते झेपावे म्हणून लांब भुजेचा डिरेलरही बदलला; कारण पुढच्या दोन चक्रांतला फरक आणि मागच्या दोन टोकांतला फरक यांची बेरीज जितकी, तितक्या दात्यांचा ढिलेपणा त्या भुजेला ओढून धरावा लागतो. आजच्या ५०-३४ आणि ११-३४ च्या जोडीत ही बेरीज १६ आणि २३ मिळून ३९ होते, आणि आखूड भुजेला ती पेलत नाही. हे न पाहता नुसती कॅसेट बदलणाऱ्याची चेन एका टोकाला लोंबते किंवा दुसऱ्या टोकाला ताणून तुटायला येते.

व्हेलोसियोने सायकलस्वारांसाठी काही नियम घालून दिले होते. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, असे त्यांतले बहुतेक व्यवहाराचे. पण एक नियम असा, की केवळ अभिमानापोटी कधी पायडल मारू नये. दात्यांच्या निवडीचे सारे शास्त्र मला त्या एका नियमात सामावलेले दिसते. आकड्यांना आपल्या पायांविषयी खोटे बोलता येत नाही. ते काम आपणच करतो, आणि ते दुकानात उभे असतानाच करून टाकतो.

नियम पटला म्हणून तो पाळला जातो असे मात्र नाही. आता माझ्या सायकलच्या मागे चौतीस दाते आहेत, आणि सिंहगडाच्या वरच्या वळणांवर त्यांची गरज मला स्वच्छ जाणवते. तरी मागून कुणाच्या सायकलची टिकटिक ऐकू आली, की उजव्या हाताची बोटे तरफेवर क्षणभर थबकतात. तो तरुण पुढे निघून वळणाआड दिसेनासा होतो, मग मी हळूच तरफ आत ढकलतो, ‘खट्’ असा आवाज होतो, आणि सराफ काही न बोलता उरलेल्या रुपयाची मोड माझ्या पायाखाली ठेवतो.